न्यूयॉर्कची आग, बाबासाहेब आणि शेताचा बांध

मी गेवराईचा, कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आजचा एपिसोड सुरू होतो न्यूयॉर्कमध्ये, पण संपतो आपल्या बीड जिल्ह्यात.

साल 1905. न्यूयॉर्क राज्यात कायदा होता की बेकरी कामगाराला दिवसाला 10 तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. लॉकनर नावाचा बेकरीमालक कोर्टात गेला आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा रद्द केला. म्हणणं असं, की मालक आणि कामगार दोघंही स्वतंत्र आहेत, त्यांच्या करारात सरकारनं पडू नये. आता सांगा, ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, तो कसला घासाघीस करणार?

25 मार्च 1911. न्यूयॉर्कच्याच ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. 146 कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या कार्यकर्तीनं हे डोळ्यांनी पाहिलं. पुढं चौकशी आयोग बसला आणि राज्यानं कारखान्यांचे कायदे कडक केले.

या आगीनंतर दोनच वर्षांनी, 1913 मध्ये, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. त्यांना शिकवणारे जॉन ड्युई आणि सेलिग्मन त्या काळच्या सुधारणेच्या वादांत स्वतः उतरलेले होते.

बाबासाहेबांच्या पुढच्या कामात तोच प्रश्न परत परत दिसतो. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात पगारी रजा देणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. 1929 मध्ये कायदा झाला. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1946 मध्ये, बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी मुद्दा सरळच मांडला: सरकार बाजूला झालं की गरिबावर मालकाचं राज्य येतं. लॉकनर निकालाला याहून चांगलं उत्तर मला तरी सापडलं नाही.

पण गंमत बघा. तीच पर्किन्स पुढं अमेरिकेची मजूरमंत्री झाली. तिच्या काळात, 1938 मध्ये, किमान वेतन आणि कामाच्या तासांचा देशव्यापी कायदा आला. त्यातून वगळलं कुणाला? शेतमजुरांना! कायदा शेताच्या बांधावर येऊन थांबला.

आपल्याकडं वेगळं काय आहे? साखर कारखान्याच्या आत शिफ्ट असते, भोंगा वाजतो. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, ना शिफ्ट ना भोंगा. रात्री दोनला गाडी आली तरी भरायची. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तरी खाडा कापला जातो. कारखाना म्हणतो, ही माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, यांनी उचल घेतलीय, करार झालाय.

करार! 1905 चाच शब्द.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कायदा आहे का, यावर थांबू नका. त्या कायद्यात ‘कामगार’ कुणाला म्हटलंय, ते आधी विचारा. बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाईसाठी मिळवलेली बाळंतपणाची रजा उसाच्या फडात कधी पोचणार?

तुमच्या गावातून टोळ्या जातात का? उचलीच्या कागदावर काय लिहिलेलं असतं, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.