जीर्णोद्धार की फेरबदल? : जुन्या मोटारसायकलींची पाठचिकित्सा

एखादी दुर्मीळ जुनी मोटारसायकल हाती आली, की तिच्या धन्यापुढे दोन वाटा असतात. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती जशी होती तशी तिला पुन्हा करावी, म्हणजेच तिचा जीर्णोद्धार करावा. किंवा आपल्या गरजेनुसार व हौसेनुसार तिच्यात फेरबदल करावेत. हा वाद बहुधा निष्ठा विरुद्ध स्वैरता असा मांडला जातो. आम्हांस ही मांडणी अपुरी वाटते. साहित्याच्या अध्यापकांनी या यंत्रांच्या वादात का पडावे, असे वाचकांस वाटेल. कारण इतकेच, की मूळ संहिता कोणती, हा जो प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे चर्चितो, तोच येथे लोखंडाच्या रूपाने समोर येतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी असलेल्या इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो याने १९२० साली अमेरिकन बनावटीची 'इंडियन स्काउट' विकत घेतली. इंजिन सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे आणि वेग ताशी जेमतेम ५५ मैल. १९२६ पासून त्याने तिच्यात बदल करण्यास प्रारंभ केला आणि पुढे चार दशके तो थांबला नाही. पिस्टन त्याने घरीच ओतले, इंजिनाची मूळ झडपरचना बदलली, त्याची क्षमता वाढवत नेली. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने या यंत्रावरून ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम केला. गणितातील चूक लक्षात आल्यावर २०१४ साली तो आकडा १८४.०८७ असा दुरुस्त करण्यात आला.

आता समजा, एखाद्या निष्ठावंताने हे यंत्र १९२० च्या मूळ रूपात आणायचे ठरवले. त्यास यश आले तर जगात आणखी एक स्काउट वाढेल. मात्र मन्रोची चाळीस वर्षे पुसली जातील. येथे फेरबदल हाच इतिहास आहे, आणि त्याचा जीर्णोद्धार म्हणजे विध्वंस होय.

मग फेरबदलाचाच पक्ष घ्यावा काय? दुसरे उदाहरण पाहू. १९५० साली नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींना बेलफास्टच्या मॅकॅन्डलेस बंधूंची नवी फ्रेम मिळाली. ती इतकी सुखद होती, की एका स्वाराच्या उद्गारावरून तिला 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, हे नाव पडले. त्या काळी ५०० घनसेंटिमीटरच्या छोट्या शर्यतगाड्या बनवणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे. पण कंपनी ते सुटे विकत नसे. म्हणून संपूर्ण मोटारसायकल घ्यायची, इंजिन काढून मोटारीत बसवायचे आणि उरलेला सांगाडा विकायचा, असा मार्ग निघाला. त्या अनाथ सांगाड्यांत ट्रायम्फची इंजिने बसवली गेली आणि 'ट्रायटन' हा संकर जन्मास आला. लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या तरुणांच्या पिढीचे ते वाहन ठरले. मात्र या सौद्यात नॉर्टनच्या कितीतरी फ्रेम आणि त्यांची स्वतःची इंजिने यांची कायमची ताटातूट झाली.

तरीही त्या काळी जुळवलेला ट्रायटन हा आज स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. याउलट, धडधाकट उरलेली जुनी नॉर्टन आज मोडून नवा ट्रायटन करणे ही वेगळी गोष्ट. कृती एकच असली तरी काळ बदलला आहे. मन्रोची स्काउट १९२६ साली दुर्मीळ नव्हती; ती सहा वर्षे वापरलेली एक साधी गाडी होती.

जीर्णोद्धारही वाटतो तितका निर्दोष नाही. १९२० च्या सुमारास मोटारसायकलींच्या धातूवर निकेलचा मुलामा असे. क्रोमचा प्रघात नंतरचा. त्या काळच्या गाडीवर लखलखीत क्रोम चढवणारा स्वतःस निष्ठावंत म्हणवतो खरा, पण करतो तो फेरबदलच. जुना रंग खरवडला की हाताने ओढलेल्या रेषाही त्याबरोबर जातात. वास्तूंच्या संदर्भात रस्किनने १८४९ सालीच जीर्णोद्धारावर कठोर टीका केली होती. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेली तूरिनची सनदही जतन आणि जीर्णोद्धार यांत भेद करते.

आमच्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर तयार आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ती १९६६ साली पूर्ण झाली. संपादकांनी व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा दावा केला नाही. हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येईल तेथवर ते गेले. आणि वगळलेले श्लोक त्यांनी फेकले नाहीत. पाठभेद तळटीपांत, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत नोंदवले. ज्यास त्यांचा निर्णय मान्य नसेल, त्यास तो पुन्हा तपासता येतो.

आमच्या मते जुन्या यंत्रालाही हाच न्याय लावावा. हात न लागलेली गाडी मिळाली तर ती चालती करावी, पण तिचा रंग तसाच राहू द्यावा. जुन्या काळच्या जाणत्या हाताने बदललेली असेल तर तो हात जपावा. केवळ सुटे भाग उरले असतील तर जीर्णोद्धार अवश्य करावा, मात्र कोणता भाग नवा याची लेखी नोंद ठेवावी. आणि रोज चालवण्यासाठी सहा व्होल्टची बारा व्होल्ट वीजयोजना करायची असेल, ब्रेक सुधारायचे असतील, तर खुशाल करावे. परंतु फ्रेम कापू नये, क्रमांक घासू नये, काढलेला भाग भंगारात घालू नये.

हे शेवटचे पथ्य मन्रोने आपणहून पाळले होते. तुटलेले, वितळलेले भाग तो आपल्या शेडमधील एका फळीवर मांडून ठेवी, आणि ते वेगाच्या देवास वाहिले आहेत अशा अर्थाचे शब्द त्याने तेथे लिहिले होते. फेरबदल करणाऱ्यांमधला तो सर्वांत निःशंक गृहस्थ. पण त्याच्या आवृत्तीला तळटीपा होत्या.