कामठ्याची काठी कोणाची?

धनुष्यबाण म्हटलं की गेली काही वर्षं आपल्या डोळ्यासमोर निवडणूक आयोग आणि कोर्टाच्या तारखाच येतात. आज त्या चिन्हाबद्दल नाही, खऱ्याखुऱ्या धनुष्याबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण सवडीने वाचा. विषय शेवटी आपल्या जंगलाचा आहे.

यंदा मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक धनुष्य केलं. साधं, एकाच तुकड्याचं. ना जोड, ना शिंग, ना चिकटवलेले थर. सातपुड्यातले भिल्ल बांधव बांबूचं असं धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. त्याला कामठा म्हणतात. त्याची दोरीसुद्धा बांबूचीच, पातळ सोललेल्या पट्टीची. म्हणजे एका बेटातून काठीही निघते आणि दोरीही.

करताना एक गोष्ट लक्षात आली. हत्याराचं काम थोड्या दिवसांचं असतं, काठीचं काम वर्षांचं. ओला बांबू सहज वाकतो, पण पुन्हा सरळ होत नाही, तसाच बाक धरून बसतो. म्हणून तो पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडायचा. तेव्हा त्यात पाणी आणि पिठूळपणा कमी असतो, कीड कमी लागते. मग सावलीत वाळवायचा. माझी काठी मामांच्या घरी चुलीच्या वर आढ्याला दोन वर्षं धूर खात पडलेली होती. तिला कोयत्याने उभं फाडलं, कानस आणि काचेच्या तुकड्याने तासलं.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. ओढताना बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, पोट, दाबली जाते. पाठीचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पाहिजेत. लाकूड असेल तर पाठीवर एकच वार्षिक वलय अख्खं राखावं लागतं. मी बांबूची सालीची बाजू पाठीला ठेवली आणि तिला हातच लावला नाही. तासायचं ते पोटाकडून.

खरी परीक्षा पुढे. काठी हळूहळू वाकवून बघायची, दोन्ही हात सारखे वाकतात का ते. जिथे ताठ आहे तिथलं थोडं काढायचं, जिथे आधीच जास्त वाकतंय तिथे अजिबात हात लावायचा नाही. एकदा काढलेलं परत लावता येत नाही. आणि ज्या जागेवर आधीच ताण आहे तिथूनच आणखी काढत गेलात तर धनुष्य नेमकं तिथेच मोडतं.

आता हे सगळं एखाद्या राज्याला लाखोंच्या संख्येने हवं असेल तर काय होतं? त्यासाठी जरा इंग्लंडात जाऊ.

इंग्लंडचं प्रसिद्ध लांब धनुष्यही एकाच तुकड्याचं. लाकूड ‘यू’ या झाडाचं. आपल्या हिमालयातलं थुनेर त्याचंच भावंड. या लाकडात निसर्गानेच सोय केलेली आहे: सालीजवळचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. कारागीर दोन्ही थर एकाच काठीत राखायचा, फिकट बाजू पाठीला आणि गाभा पोटाला. याच धनुष्यांनी १४१५ मध्ये अजिंकूरला फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली.

राजांनी त्यासाठी हुकूम काढले. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये फर्मान काढलं की सुट्टीच्या दिवशी लोकांनी चेंडूचे खेळ सोडून तिरंदाजीचा सराव करावा. माणसं तयार झाली. पण लाकूड? यू अतिशय सावकाश वाढतो, आणि इंग्लंडातल्या झाडांपेक्षा युरोपातल्या डोंगराळ भागातलं सरळ, घट्ट लाकूड जास्त चांगलं मानलं जाई. मग १४७२ मध्ये कायदा झाला, की बाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी प्रत्येक टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने गोड वाइनच्या प्रत्येक पिंपामागे दहा काठ्या सांगितल्या.

चारावरून दहा! सरकारी आकडा असा वाढायला लागला की समजावं, माल कमी पडतोय. मधल्या युरोपातली यूची रानं या मागणीपायी विरळ होत गेली. तिथल्या डोंगरात हे झाड आजही कमीच दिसतं. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्यात शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं आणि हजारो बाण सापडले. पुढे पन्नासच वर्षांनी, १५९५ मध्ये, इंग्लंडच्या राजमंडळाने लष्करी तुकड्यांतून धनुष्य बाद केलं. मुख्य कारण बंदूक, हे खरंच. पण तोवर चांगली काठी मिळणं अवघड आणि महाग झालं होतं, हेही तितकंच खरं. कायद्याने व्यापारी हलतो, झाड नाही.

आता परत सातपुड्यात येऊ. इथे गोष्ट उलटी घडली. राज्याला धनुष्य नको होतं, जंगल हवं होतं.

१८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली, जेम्स औट्रमच्या हाताखाली. ज्यांच्या हातात कामठा होता त्यांच्याच हातात सरकारी बंदूक दिली. तरी १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठलेच. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, तिथेही तिरकामठे होते. पण कामठा खऱ्या अर्थाने दुबळा झाला तो लढाईत नाही, कागदावर. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखायचा रस्ता मोकळा झाला आणि बेटातला बांबू तोडणं हा गुन्हा ठरू लागला. पुढे १९२७ च्या वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे. कायदा म्हणाला, झाड!

स्वातंत्र्य आलं, व्याख्या तीच राहिली. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कराराने कागद गिरणीला जात होता, आणि गावकऱ्याने टोपलीसाठी चार काठ्या आणल्या तर त्याला जाब विचारला जात होता. वर म्हटलं ना, ज्या जागेवर आधीच ताण आहे तिथूनच काढत राहिलं तर काय होतं?

बदल व्हायला २००६ उजाडलं. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं आणि ग्रामसभेचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर घोडं अडलंच. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गावाचा बांबू गावाने विकायला सुरुवात झाली. २०१७ मध्ये ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं.

मग आता सगळं ठीक? मला तसं वाटत नाही. हक्काचा कागद आला, पण मधल्या तीन-चार पिढ्यांत हात सुटला. तोडायला भीती वाटते म्हणून काठी नाही, काठी नाही म्हणून शिकवणं नाही. कामठा उरला तो मिरवणुकीत आणि फोटोत. कला अशी मरते, कोणी थेट बंदी न घालता.

यावर उपाय फार खर्चिक नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत त्यांच्या ग्रामसभेने व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. त्यात विक्रीचा बांबू, घराचा बांबू लिहितातच. त्यातच एक ओळ घाला: दरवर्षी जाड, सरळ, पक्क्या अशा काही काठ्या कामठ्यासाठी राखून ठेवायच्या, आणि त्या वाळवायची जागा गावातच असेल. शाळेतल्या पोरांना तासायला शिकवणारा एक जाणता माणूस नेमायचा, आणि त्याला मानधन द्यायचं, नुसता सत्कार नाही.

हे आज ठरवलं तरी पहिली काठी हातात यायला दोन वर्षं लागणार. म्हणून घाई करा म्हणतोय.

तुमच्या गावात कामठा करणारं कोणी हयात असेल तर खाली फक्त गाव आणि तालुका लिहा. नाव-नंबर नको. आणि तुमच्या ग्रामसभेचा आराखडा झाला असेल तर त्यात बांबूबद्दल काय लिहिलंय तेही सांगा.