राजपत्र व अधिसूचनांची प्रसिद्धी

शासनाचे अधिनियम, अध्यादेश, नियम, अधिसूचना, नेमणुका व जाहीर नोटिसा अधिकृतपणे प्रसिद्ध करणारे शासकीय नियतकालिक म्हणजे राजपत्र (गॅझेट) होय. ‘गॅझेट’ हा शब्द बहुधा व्हेनिसमधील एका लहान नाण्याच्या नावावरून आला. त्या नाण्याच्या मोलात तेथे वार्तापत्र विकत मिळे. जिल्ह्याची भौगोलिक व ऐतिहासिक माहिती देणारा दर्शनिका (गॅझेटिअर) हा ग्रंथ राजपत्राहून वेगळा आहे. राजपत्राचे महत्त्व त्यातील मजकुरापेक्षा त्याच्या कायदेशीर परिणामात आहे. कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व न्यायालये पाळतात. परंतु जो नियम कोणास कळण्याची सोयच नव्हती, त्याबद्दल शिक्षा करणे न्यायाचे होत नाही. या दोन गोष्टींचा मेळ प्रसिद्धीने घातला जातो. नियम राजपत्रात आला, की तो सर्वांना कळला असे मानण्यात येते. प्रत्यक्षात तो किती जणांना कळतो, हा प्रश्न मात्र राजपत्राच्या साऱ्या इतिहासातून पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

राजपत्राचा उदय : इंग्लंडमध्ये १६६५ साली ऑक्सफर्ड येथे निघालेले राजपत्र पुढे लंडन गॅझेट या नावाने चालू राहिले. भारतात कलकत्ता गॅझेट १७८४ मध्ये सुरू झाले. मुंबई इलाख्यात शासकीय जाहिराती प्रथम खाजगी इंग्रजी वृत्तपत्रांतून छापल्या जात. १८३१ पासून बाँबे गव्हर्न्मेंट गॅझेट हे स्वतंत्र राजपत्र निघू लागले. गावपातळीवर मात्र प्रसिद्धीची रीत निराळी होती. सरकारी हुकूम दवंडी पिटून सांगितला जाई, त्याची प्रत चावडीवर लावली जाई आणि पाटील, पटवारी व कोतवाल हेच त्याचे वाहक असत. राजपत्र इंग्रजीत आणि राजधानीत, तर दवंडी मराठीत आणि गावात, अशी ही विभागणी होती. पहिलीने नियमाला वैधता येई, दुसरीने तो लोकांना कळे; परंतु या दोहोंमध्ये कायद्याने बांधलेला दुवा थोड्याच विषयांत होता.

वऱ्हाडातील स्थिती : या विभागणीचे परिणाम वऱ्हाडात विशेष दिसतात. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे शेतकरी वस्तीचे गाव त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले. त्यामुळे वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता आणि तेथील विधिमंडळांचे अधिनियम वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरल अधिसूचना काढून एखादा अधिनियम वऱ्हाडास लागू करी, आणि तसे करताना त्यात फेरफारही करी. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडण्यात आला. तरीही कायदे लागू करण्याची ही पद्धत टिकली. नागपूरच्या विधिमंडळात संमत झालेला अधिनियमसुद्धा वऱ्हाडात अधिसूचनेच्या वाटेनेच येई. इतरत्र अधिसूचना ही अधिनियमाची पुरवणी असते. वऱ्हाडात बराच काळ अधिसूचना हेच कायद्याचे प्रवेशद्वार होते. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा कारभार एकाच प्रांताप्रमाणे चालविण्याची तरतूद केली आणि १९४१ च्या वऱ्हाड कायदेविषयक अधिनियमाने अनेक अधिनियम थेट वऱ्हाडास लागू केले.

या गावाच्या जमिनीचा व सीमांचा इतिहासही अधिसूचनांतूनच घडला आहे. १९०५ मध्ये जुना बाशीम (वाशिम) जिल्हा मोडून त्याचे वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास व पुसद तालुका यवतमाळला जोडण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा बनला. म्हणजे इंझोरीच्या एकाच शेताला लागू होणारे नियम प्रथम नागपूरच्या व नंतर मुंबईच्या राजपत्रात शोधावे लागतात. विदर्भात १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता जाऊन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. जुना फेरफार किंवा धारणाधिकार तपासणाऱ्यास हा क्रम लक्षात ठेवणे भाग पडते.

न्यायालयांची भूमिका : अप्रसिद्ध कायद्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे हरला विरुद्ध राजस्थान राज्य (१९५१) या खटल्यात आला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठरावाने केलेला अफूविषयक कायदा कधीच प्रसिद्ध झालेला नव्हता. तरी त्याखाली आरोपीस पन्नास रुपये दंड झाला होता. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल देताना असे मत मांडले, की ज्या कायद्याची लोकांना माहिती नाही आणि प्रयत्न करूनही ती मिळू शकली नसती, त्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाशी विसंगत आहे. दंड रद्द झाला. रक्कम लहान असली, तरी तत्त्व मोठे होते.

त्याच तत्त्वाची दुसरी बाजू महाराष्ट्र राज्य विरुद्ध मायर हान्स जॉर्ज या खटल्यात दिसते. परदेशी जाणाऱ्या मालात सोने असल्यास ते विमानाच्या मालयादीत नोंदविले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. २७ नोव्हेंबरला झुरिकहून मॅनिलाकडे निघालेला हा प्रवासी दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईच्या विमानतळावर सापडला. त्याच्या जाकिटात ३४ किलो सोने होते. नव्या अटीची आपणास माहिती नव्हती, हा बचाव मुंबई उच्च न्यायालयाने मानला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो फेटाळला, मात्र शिक्षा भोगून झालेल्या मुदतीपुरती कमी केली, न्या. सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. येथे प्रसिद्धी झालेली होती, ज्ञान झालेले नव्हते. कायद्याने प्रसिद्धीला पुरेसे मानले.

अमेरिकेतील अनुभव : संघराज्याच्या नियमांची अव्यवस्था अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात उघड झाली. त्या काळात असंख्य आदेश निघत, पण ते एकत्र छापले जात नसत. खनिज तेलाविषयीच्या एका खटल्यात तर सरकार ज्या कलमाखाली कारवाई करीत होते, ते कलम दुरुस्तीच्या वेळी चुकून गळाले असल्याचे सर्वोच्च न्यायालयात आढळले (१९३५). त्याच वर्षी फेडरल रजिस्टर अधिनियम झाला व १४ मार्च १९३६ रोजी फेडरल रजिस्टर या दैनिक राजपत्राचा पहिला अंक निघाला. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती अधिनियमाने नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांची मते मागविणे सर्वसाधारणपणे आवश्यक केले. यानंतरही अडचण संपली नाही. आयडाहो राज्यातील एका शेतकऱ्याने गव्हाचे दुबार पेरलेले पीक विम्याखाली येते, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरून विमा उतरविला. दुष्काळाने पीक गेले, तेव्हा दुबार पेरणीस विमा नाही असा नियम राजपत्रात असल्याचे निघाले. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल शेतकऱ्याच्या विरुद्ध दिला.

भारतातील कार्यपद्धती : संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या संज्ञेत नियम व अधिसूचना यांचाही समावेश आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ अन्वये, मूळ अधिनियमात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तेथे मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचनांचा विचार करावा लागतो. नियमांवर संसदीय देखरेख ठेवण्यासाठी लोकसभेची दुय्यम विधानविषयक समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८७) या निकालाने दुय्यम विधान योग्य रीतीने प्रसिद्ध झाल्याशिवाय परिणामक्षम होत नाही, हे स्पष्ट केले. २०१४ मध्ये केंद्र शासनाने विधेयकांचे व नियमांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे धोरण ठरविले. मात्र तो अधिनियम नव्हे.

काही अधिनियमांनी राजपत्राला गावातील नोटिशीची जोड दिली आहे. भूसंपादन अधिनियम, १८९४ मध्ये राजपत्राबरोबर त्या परिसरात जाहीर नोटीस लावण्याची तरतूद होती; १९८४ च्या दुरुस्तीने दोन दैनिकांतील प्रसिद्धीची व त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेचे असण्याची अट घातली. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाने पंचायतीत स्थानिक भाषेतून प्रसिद्धी आवश्यक केली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफाराची नोंद करताच तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची व हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे असते. जुन्या दवंडीचे कार्य येथे कायद्याच्या चौकटीत आले आहे.

राजपत्र आणि शासन निर्णय यांतील भेदही महत्त्वाचा आहे. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात काढलेली अधिसूचना कायद्याचे बळ धारण करते. शासन निर्णय हा सामान्यतः प्रशासकीय आदेश असतो. तथापि शेतकऱ्याचा नित्य संबंध येतो तो शासन निर्णयाशी. पीक विमा योजनेतील ‘अधिसूचित पीक’ व ‘अधिसूचित क्षेत्र’ हे शब्द आज सोयाबीन, तूर व कापूस पिकविणाऱ्या गावांत सर्वांच्या तोंडी आहेत. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळू लागला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नाशी जोडण्यात आली. असा बदल पेरणीआधी कळणे व नंतर कळणे यांत एका हंगामाच्या उत्पन्नाचे अंतर पडू शकते.

भाषा व संगणकीय प्रसिद्धी : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्याच्या राजपत्रात मराठीला स्थान मिळाले, मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार अधिनियम व नियम यांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी असतो. राज्याच्या राजपत्राच्या पहिल्या भागास विभागीय पुरवण्या असून वाशिम जिल्ह्याचे स्थानिक विषय अमरावती विभागीय पुरवणीत येतात. केंद्राच्या अधिसूचना हिंदी व इंग्रजीत निघतात. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाविषयीच्या २०२० च्या मसुद्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत वाढवून आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला, हे या दृष्टीने उल्लेखनीय होय.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने संगणकीय राजपत्रास मान्यता दिली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून भारताचे राजपत्र कागदावर छापण्याऐवजी संगणकीय रूपातच प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे प्रसिद्धीचा दिवसच नव्हे, तर क्षणही निश्चित झाला. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी प्रसिद्ध झाली. त्याआधी त्याच दिवशी ज्यांनी आयातपत्रे सादर केली होती त्यांना वाढीव शुल्क लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

समारोप : राजपत्र पूर्वी कचेरीच्या कपाटात असे, आज ते हातातील फोनवर उघडते. अंतर कमी झाले, तरी शोधण्याचे ओझे नागरिकावरच राहिले. कोणता अंक, कोणता भाग व कोणती भाषा हे आधी माहीत असल्याशिवाय अधिसूचना सापडत नाही. फेरफार व भूसंपादन यांसारख्या विषयांत कायद्याने राजपत्र व चावडी यांना एकत्र जोडले आणि कळविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. जेथे ही जोड नाही तेथे प्रसिद्धी वैध ठरते, पण तिचा हेतू अपुरा राहतो. नियमाचे पालन ज्यांच्याकडून अपेक्षित आहे त्यांच्यापर्यंत तो त्यांच्या भाषेत व वेळेत पोहोचविणे, हा राजपत्राच्या विकासातील उरलेला टप्पा आहे.