हेलन केलरच्या आधी

हेलन केलर यांच्यावरचा पाठ एकदाही शिकविला नाही, असा भाषाशिक्षक आमच्या पिढीत क्वचितच सापडेल. पाठ कोणत्याही इयत्तेचा असो, त्यातील प्रसंग ठरलेला असतो. अमेरिकेतील अलाबामा प्रांतातले टस्कंबिया हे लहानसे गाव, अंगणातला पाण्याचा पंप, एका हातावर पडणारी धार आणि दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरे लिहिणारी तरुण शिक्षिका ॲन सुलिव्हन. तो दिवस ५ एप्रिल १८८७ चा. त्या दिवसापर्यंत ही मुलगी केवळ पशुवत् होती आणि त्या क्षणी ती माणसांत आली, अशा आशयाचे एखादे वाक्य पाठात असते. नसल्यास शिकविणारा ते पदरचे घालतो. आम्ही तीस वर्षे ते घालीत आलो. शिक्षकी पेशातील माणसास ही कथा प्रिय वाटावी यात नवल नाही, कारण तीत सारे श्रेय शिक्षकाचे आहे.

वस्तुतः हेलनने स्वतः काय लिहिले आहे? तिचे आत्मचरित्र १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पंपाच्या प्रसंगाआधीची त्यातील पाने सावकाश वाचावीत. मान हलविणे म्हणजे 'नाही', मान डोलविणे म्हणजे 'होय', ओढणे म्हणजे 'ये', ढकलणे म्हणजे 'जा'. पाव हवा असेल तर ती काप करून त्यांवर लोणी लावण्याचा अभिनय करी. आईस्क्रीम हवे असेल तर ते करण्याच्या यंत्राचा दांडा फिरवून थंडीने कुडकुडून दाखवी. अशा सुमारे साठ खुणा तिच्यापाशी होत्या. घरच्या स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन तिची सवंगडी होती आणि तिला या खुणा समजत. दोघी मिळून कणीक मळीत, कोंबड्यांना दाणे घालीत, खोड्या करीत. एवढेच नव्हे, तर एकोणिसाव्या महिन्यात आजाराने दृष्टी व श्रवण गेल्यानंतरही आधी शिकलेला एक शब्द हेलनच्या तोंडी मोडक्या रूपात उरला होता, आणि तो नेमका पाण्याचा होता. ती 'वॉ-वॉ' असा आवाज काढी. म्हणजे पंपाखाली हेलनला पाणी प्रथम भेटले नाही, आणि पाण्याचे नावही अगदी प्रथम भेटले नाही. प्रत्येक वस्तूला नाव असते आणि ती नावे अक्षरांनी घडतात, हा व्यापक नियम तिला त्या दिवशी गवसला. ही गोष्ट लहान नव्हे. पण शून्यातून काही निर्माण होणे निराळे आणि आहे त्याला विस्तार मिळणे निराळे.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. हेलननेच पुढे १९५५ साली आपल्या शिक्षिकेवर लिहिलेल्या पुस्तकात भाषेपूर्वीच्या स्वतःला 'फँटम', म्हणजे एखादी छायाकृती, असे म्हटले आहे. तेव्हा ती पंचाहत्तरीच्या घरात होती आणि पुस्तक गुरुऋणाचे होते. शिष्या गुरूचे ऋण मांडताना आपला पूर्वभाग काळा रंगविते, ही रीत आपल्या संतचरित्रांच्या वाचकांस अपरिचित नाही. शिवाय त्या अवस्थेतील एकाकीपणा आणि संताप खराच होता, तो आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की एकाकी माणूस आणि रिकामा माणूस यांत भेद आहे.

हा भेद आम्हांस पुस्तकाने शिकविला नाही. सुमारे अकरा वर्षांपूर्वी सीमाभागातील एका खेड्यातून एक शेतमजूर सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आला. मुलीला ऐकू येत नव्हते आणि दिसतही फार थोडे होते. शाळेत घ्यावे, एवढीच त्याची विनंती होती. 'इथे तशी सोय नाही, हिला काही कळणार नाही,' असे आम्ही त्यास सांगत असताना मुलीने बापाचा तळवा ओढून घेतला, त्यावर दोनदा बोट टेकवले आणि ते बोट स्वतःच्या गळ्यास लावले. 'पाणी मागाय लागलीया, सर,' असे म्हणून तो बाहेरच्या माठाकडे गेला. आम्ही नावनोंदणीचे पुस्तक मिटले. आमच्या समोर एक पूर्ण वाक्य बोलले गेले होते, आणि त्याच्या आधीच्याच तासाला आम्ही सातवीच्या वर्गात पंपाची गोष्ट सांगून आलो होतो.

हेलनच्या आधीही ही गोष्ट एकदा घडून गेली होती, हे पाठ्यपुस्तकात बहुधा येत नाही. लॉरा ब्रिजमन हिचा जन्म न्यू हॅम्पशायर प्रांतातील हॅनोव्हर येथे डिसेंबर १८२९ मध्ये झाला. दोन वर्षांची असताना लोहितज्वराने तिचे डोळे व कान गेले. वासाची जाणीव गेली आणि चवही बहुतांशी गेली. शेतकऱ्याच्या त्या घरातही खुणा होत्या. डोक्यावर थोपटले म्हणजे शाबासकी, पाठीवर थोपटले म्हणजे नापसंती. गावात एसा टेनी नावाचा एक वृद्ध होता. लोक त्याला अर्धवट समजत आणि त्याची वाणीही अडखळती होती. तो या मुलीला रोज रानात फिरावयास नेई. ओढ्यात दगड टाकून उठलेल्या लाटा तिच्या हाताला लागू देई. पुढे जगातील विद्वान जिच्या मनाचा शोध घेण्यासाठी आले, तिच्या मनाशी पहिला संवाद गावाने वेड्यात काढलेल्या या माणसाने केला होता.

ऑक्टोबर १८३७ मध्ये डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाव यांनी लॉराला बोस्टनच्या अंधशाळेत आणले. हीच संस्था पुढे पर्किन्स या नावाने विख्यात झाली. किल्ली, चमचा, सुरी, पुस्तक अशा वस्तूंवर त्यांनी उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. प्रथम लॉरा केवळ अनुकरणाने चिठ्ठी व वस्तू यांची जोडी लावी. मग सुटी अक्षरे जुळवू लागली. अखेर एके दिवशी यातला अर्थ तिला उमगला. त्यानंतर ती बोटांची वर्णमाला शिकली. आपल्या जुन्या मराठीत हातांच्या खुणांनी चालणाऱ्या संभाषणास 'करपल्लवी' असा सुंदर शब्द आहे. बोटांच्या या वर्णमालेसही तो शोभावा. एकाने आपल्या बोटांची अक्षरे दुसऱ्याच्या तळहातात करावयाची आणि दुसऱ्याने ती स्पर्शाने वाचावयाची. चार्ल्स डिकन्स १८४२ च्या जानेवारीत या शाळेत आले आणि त्याच वर्षीच्या आपल्या अमेरिकेवरील प्रवासग्रंथात त्यांनी लॉराविषयी विस्ताराने लिहिले. लॉराचे नाव युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचले. तिला पाहावयास माणसांची रीघ लागे. लॉरा डोळ्यांवर हिरवी फीत बांधीत असे. म्हणून लहान मुली आपल्या बाहुल्यांचे डोळे काढून त्यांवर हिरवी फीत बांधीत व त्यांना 'लॉरा' म्हणत, असे सांगतात.

हाव यांची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि त्यांच्या एका कृतीविषयी लिहिले पाहिजे. लॉराने आपल्या परिचयाच्या माणसांना आवाजांची नावे दिली होती. प्रत्येकासाठी तिच्या कंठातून निराळा ध्वनी निघे. तो माणूस खोलीत आला आणि तिने त्याला ओळखले, की ती तो काढी. फ्रान्सिस लीबर या विद्वानाने त्या ध्वनींवर एक निबंधच लिहिला. स्वतःस कधीही ऐकू न येणाऱ्या आवाजांतून नामे घडविणारी ही मुलगी! परंतु ऐकणाऱ्यांच्या कानांस ते आवाज कर्कश वाटत, म्हणून ते दाबून टाकण्याची सक्ती तिच्यावर झाली. तिला भाषा देणाऱ्या शाळेनेच तिची आपली अशी एक भाषा काढून घेतली. शिक्षण संपले म्हणून तिला घरी पाठविले, तेव्हा बोटांनी बोलणाऱ्या माणसांवाचून ती इतकी खंगली की तिला परत आणावे लागले. पुढे १८८९ मध्ये तिचा मृत्यू झाला तोवर, थोडे दिवस वगळता, ती पर्किन्समध्येच राहिली. भेटीस येणारे केव्हाच थांबले होते. ती लेस विणी आणि शिवण करी.

१८८० साली त्याच शाळेत टेक्सबरी येथील अनाथालयातून एक चौदा वर्षांची मुलगी आली. ती जवळजवळ आंधळी होती, निरक्षर होती, आणि तिचा धाकटा भाऊ त्या अनाथालयातच मरण पावला होता. तीच ॲन सुलिव्हन. लॉरा राहत असे त्याच घरात तिची सोय झाली, आणि लॉराशी बोलता बोलता करपल्लवी तिच्या हातांत बसली. हेलनच्या आईने डिकन्सचे पुस्तक वाचले होते, म्हणूनच केलर कुटुंबाची आशा टिकली व शोध पर्किन्सपर्यंत पोचला. सुलिव्हनबाईंनी टस्कंबियास निघण्यापूर्वी हाव यांनी ठेवलेल्या लॉराच्या शिक्षणाच्या नोंदी अनेक महिने अभ्यासल्या. ३ मार्च १८८७ रोजी त्या पोचल्या. दुसऱ्या दिवशी हेलनच्या हातावर त्यांनी पहिला शब्द लिहिला तो 'बाहुली' हा. ती बाहुली पर्किन्सच्या अंध मुलांनी पाठविलेली भेट होती, आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमनने शिवले होते. १९६२ च्या 'द मिरॅकल वर्कर' या चित्रपटाने पंपाचा प्रसंग जगभर नेला आणि २००५ च्या 'ब्लॅक' या हिंदी चित्रपटाने तशीच कथा आपल्याकडे आणली; पण कपडे शिवणारे ते हात आमच्या प्रेक्षकांस ठाऊक झाले नाहीत.

शिकून विदुषी झालेल्या अंधबधिर माणसाचे पुढे काय होते, याचा दाखलाही हेलनच्याच चरित्रात आहे. १९०४ साली ती रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. तोवर सर्वत्र कौतुक होते. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली, कामगारांच्या संपांना व स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा देऊ लागली. पूर्वी तिची तोंडभर स्तुती केलेल्या एका संपादकाने आता लिहिले की, तिच्या चुका तिच्या शारीरिक मर्यादांतून उद्भवल्या आहेत. १९१२ मध्ये हेलनने त्यास खरमरीत उत्तर दिले. तिचा मुद्दा असा, की आपल्या स्तुतीच्या वेळी या गृहस्थांस आपल्या मर्यादा आठवल्या नव्हत्या. १९२० मध्ये अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघाच्या संस्थापकांतही ती होती. आमच्या पाठात यातले काही नसते. पाठ पंपापाशी संपतो आणि हेलन सहा वर्षांचीच राहते.

अंधबधिरांच्या भाषा त्यांना नेहमी इतरांनीच दिल्या, हाही समज टिकत नाही. हिरोनिमस लॉर्म या नावाने लिहिणारे ऑस्ट्रियन कवी तरुणपणी बहिरे झाले व पुढे त्यांची दृष्टीही गेली. त्यांनी १८८१ मध्ये तळहातावरील ठरावीक जागांना स्पर्श करून अक्षरे सांगण्याची पद्धत स्वतः रचली. जर्मन भाषकांत ती आजही चालते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे २००७ पासून अंधबधिर मंडळींनीच, डोळ्यांच्या भाषेचे भाषांतर नव्हे तर मुळातच स्पर्शावर उभी असलेली 'प्रोटॅक्टाइल' ही भाषा घडवीत आणली आहे. तीत ऐकणाऱ्याचा हात, बाहू, गुडघा हे सर्व बोलण्याचे फलक होतात. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी : अंधबधिर म्हणजे पूर्ण काळोख व पूर्ण शांतता, असे बहुतेकांच्या बाबतीत नसते. कित्येकांस थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते, आणि कित्येकांची ही अवस्था वार्धक्यात आलेली असते. घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या, 'आता त्यांना काही समजत नाही' असे ज्यांच्याविषयी त्यांच्या देखत बोलले जाते, त्या आजीही यांतच आल्या.

हेलन केलर १९५५ मध्ये भारतात आल्या. सत्कार झाले, भाषणे झाली. अंधबधिर मुलांसाठी देशातील पहिली शाळा मात्र मुंबईत १९७७ मध्ये निघाली. ती बेरोझ वाच्छा यांनी काढली आणि तिला हेलन केलर यांचेच नाव दिले. मधली बावीस वर्षे आम्ही पाठ शिकवीत होतो. १९९७ मध्ये अहमदाबादेस 'सेन्स इंटरनॅशनल इंडिया' ही संस्था उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत या माणसांसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्यात बहुविकलांगतेच्या कलमात त्यांचा नावाने उल्लेख झाला. गर्भवतीस रुबेला झाल्यास मूल अंधबधिर जन्मू शकते. त्या रोगावरील लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात ज्या प्रदेशांपासून सुरू झाली, त्यांत गोवा व कर्नाटक होते. म्हणजे आमच्या या वाचकांपैकी बऱ्याच शाळांच्या आवारात ती लस टोचली गेली आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या शेतमजुराच्या गावी गेलो. नावनोंदणीच्या पुस्तकात त्याचे नाव नव्हतेच, तेव्हा मुलीच्या खुणेवरून विचारीत गेलो. कुटुंब ऊसतोडीला म्हणून गेले ते परत आले नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितले. मुलीचे नाव कोणास नीट आठवेना. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने मात्र दोन्ही तळहात भाकरी थापल्यासारखे एकमेकांवर हलकेच मारून दाखविले. 'असं करायची बघा पोर,' ती म्हणाली, 'भूक लागली म्हंजे.'