खुराड्याचे दार

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण सत्य दडपू पाहणाऱ्याला ऐकवतो. ऐकवताना एक गोष्ट ध्यानातून निसटते. कोंबडे झाकायची रीत घराघरांत होती, म्हणून तर ही म्हण झाली. ते झाकणे काही आरवणे दाबण्यासाठी नव्हते. बांबूचे डालगे आणि त्यावर ठेवलेला दगड, किंवा विटामातीचे खुराडे आणि त्याला टेकवलेली फळी, ही सगळी व्यवस्था रात्रीसाठी होती. रात्री घूस येते, बोका येतो, उदमांजर येते. परसातल्या कोंबडीचा इतिहास बराचसा या फळीचा इतिहास आहे.

तो फार मागे जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने थायलंडमधील बान नोन वाट येथे सापडलेली हाडे पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी हाडे मानली. त्यांचा काळ इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५०. भात आणि भरड धान्यांची शेती पसरली, तसा दाण्यांच्या ओढीने रानकोंबडा माणसाजवळ आला, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. मला वाटते, दाणा ही या सोयरिकीची अर्धीच बाजू. रानातली कोंबडी अंधार पडताच झाडाच्या फांदीवर जाऊन बसते, कारण अंधारात तिला फारसे दिसत नाही. पाळीव झालेल्या, अंगाने जड झालेल्या कोंबडीची ती उंची सुटत गेली. फांदीच्या बदल्यात माणसाने तिला दार द्यायचे होते.

छत्तीसगढ हा धानाचाच मुलूख. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भिलाईच्या शेतांवर नवे शहर उभे राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नियोजित सेक्टरांत कायम कामगारांना क्वार्टर मिळाले. ठेकेदारांकडे राबणारे पॉवर हाउसच्या आसपास कॅम्पांच्या वस्त्यांत राहिले. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून आले ते या दुसऱ्या गर्दीत. शेजारी छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया. एकच पक्षी एका गल्लीत कोंबडी, कुकरी, कोडि आणि कुकुडा होता. अंड्यांचे पैसे मात्र सगळ्या घरांत बाईच्या हातचे. आमच्या घरी वह्या-पेन्सिली त्यातून येत. आजोबांच्या मजुरीला त्यासाठी हात लावावा लागत नसे.

आजीला चोर खुणांवरून कळे. अंडे गायब आणि टरफलही नाही, तर धामण. ती अख्खे गिळते. खुराड्याच्या तळाशी ताजी माती, तर घूस. भर दुपारी पिल्लू गेले आणि वर आकाशात घार नव्हती, तर मुंगूस. कारण मुंगूस दिवसाचा शिकारी.

या मुंगसाची वाङ्मयातली अब्रू मोठी. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाच्या घरी ते तान्ह्या बाळाला सापापासून वाचवते आणि गैरसमजाने मारले जाते. ही कथा अरबीतून पश्चिमेकडे गेली. तिथे मुंगसाचा कुत्रा झाला; वेल्समध्ये त्या इमानी कुत्र्याचे नाव गेलर्ट. खरे मुंगूसही पश्चिमेला गेले, वेगळ्या वाटेने. १८७२ साली विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्युट या मळेवाल्याने उसातले उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली. सुरुवातीला उंदीर कमी झाले. पण उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा. लवकरच जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि परसातल्या कोंबड्या त्याच्या तोंडी पडू लागल्या. एका शिकाऱ्यावर दुसरा सोडून दार लावायचे काम टळत नाही, हा धडा एका बेटाने मोजलेल्या किमतीचा आहे.

पॉवर हाउसचे नाव बाहेर घेतले जाते ते वेगळ्या कारणाने. २८ सप्टेंबर १९९१ला कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी याच पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक कामगार मेले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक घर आपली माणसे मोजत होते. कोंबड्या मोजायच्या राहिल्या. खुराड्याची फळी रात्रभर बाजूला पडून होती.

सकाळी आत पाच कोंबड्या मेलेल्या होत्या. मानेवर दातांच्या खुणा, अंग जवळजवळ शाबूत. आजी म्हणे, खायला मारले असते तर समजले असते. याचे कारण आता ठाऊक आहे. उघड्यावर एक कोंबडी धरली की बाकीच्या पळतात आणि शिकार तिथेच संपते. बंद जागेत पळायला वाट नसते. फडफड थांबत नाही, तोवर रानमांजर किंवा उदमांजर मारत राहते. तो क्रूरपणा नसतो. दाराने अडवायचे ते प्राणी एकदा आत शिरले, की तेच खुराडे सापळा होते.

गल्लीतल्या कुणी पिठात विष कालवून ठेवायला सांगितले. आजीने ऐकले नाही. विष गल्लीतला कुत्राही खातो, पोरही उचलते. आणि एक बोका मेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. मुंगूस आणि उदमांजर तर १९७२च्या कायद्याने संरक्षित आहेत, हे तिला माहीत नव्हते. तिने तळाला विटा बसवून सिमेंट ओतून घेतले, म्हणजे घुशीचा रस्ता बंद. झरोक्याला आधी बाजारातली षटकोनी जाळी होती. १८४४ साली इंग्लंडात नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने तार विणायचे यंत्र केले, तेव्हापासून ही जाळी जगभर स्वस्त झाली. पण ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी; बारक्या तोंडाच्या जनावराला बाहेर ठेवायला तिची भोके मोठी पडतात. आजीने तिच्या जागी बोटही न शिरणारी जाड जाळी ठोकली. बाहेरच्या धावत्या जागेभोवती जाळीचा हातभर भाग जमिनीवर बाहेरच्या बाजूला दुमडून वर माती ओढली, कारण उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशीच उकरते. फळी गेली आणि कडीचे दार आले.

त्यानंतर रोज दिवेलागणीला ती कोंबड्या मोठ्याने मोजायची. शेजारची तेलुगू बाई पलीकडून आपल्या मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू. आजीचा आकडा संपला की कडीचा आवाज यायचा. मग ती घरात येऊन विचारायची, सगळे आले का.