विडंबन (काव्यप्रकार)
विडंबन हा उपहासात्मक साहित्याचा एक प्रकार आहे. यात मूळ कवितेचे वृत्त, शब्दकळा व आविर्भाव कायम ठेवून गंभीर आशयाच्या जागी क्षुल्लक विषय योजला जातो. हास्य निर्माण होते ते या विसंगतीतून. त्यासाठी विडंबनकाराला मूळ शैली पूर्णपणे आत्मसात असावी लागते.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा ‘केशवकुमार’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला झेंडूची फुले (१९२५) हा मराठीतील विख्यात विडंबनसंग्रह होय. रविकिरण मंडळाच्या कवितेतील कृत्रिमता हे त्याचे एक प्रमुख लक्ष्य होते. संग्रहातील ‘परिटास’ या कवितेत विरहव्याकुळ प्रियकराच्या आर्ततेने कपडे नेलेल्या परटाची वाट पाहिली आहे.

मूळ कविता विस्मरणात गेल्यास विडंबनातील टीका वाचकापर्यंत पोहोचत नाही व केवळ विनोद शिल्लक राहतो. ‘परिटास’ मात्र संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकालाही हसवते.