टोळ, मुंगी आणि आपलं नाक मुरडणं

दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी फिरते : आता म्हणे जगाला किडे खावे लागणार. खाली कमेंटमध्ये शंभर ‘ई...’ आणि दोनशे उलटीच्या इमोजी. म्हटलं, या ‘ई’चा थोडा इतिहास सांगावा. वाचायला जेवणानंतर घ्या!

1874 साली अमेरिकेच्या कॅन्सस, मिसुरी भागात टोळधाड आली. उभं पीक तर गेलंच, घोड्यांचे पट्टे आणि वाळत घातलेले कपडेसुद्धा टोळांनी कुरतडले. लोक उपाशी राहायची पाळी आली. तेव्हा मिसुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ होता चार्ल्स रायली. 1875 मध्ये त्याने साधा हिशोब मांडला : यांनी आपलं अन्न खाल्लं, तर आपण यांना खाऊ. गडी नुसता बोलून थांबला नाही. टोळांचं सूप केलं, तळून पाहिले, स्वतः खाल्ले, पाहुण्यांना वाढले. खाणाऱ्यांनी चव बरी असल्याचं सांगितलं. पण गावागावांतल्या उपाशी शेतकऱ्यांनी ते स्वीकारलं नाही. कारण? त्याच मुलखाच्या पश्चिमेकडचे पायूट वगैरे मूळनिवासी टोळ आणि नाकतोडे भाजून, दळून खायचे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या लेखी ते ‘रानटी लोकांचं खाणं’ होतं. माझ्या मते खरी अडचण किड्याची नव्हतीच. तो कोण खातो, याची होती.

दहा वर्षांनी, 1885 मध्ये, लंडनमध्ये व्हिन्सेंट होल्ट नावाच्या माणसाने ‘किडे का खाऊ नयेत?’ अशा अर्थाच्या नावाची छोटी पुस्तिका काढली. मागे फ्रेंच नावांचे मेनूही जोडले. त्याचा रोख मात्र गरीब मजुरांवर. पिकावरची कीड वेचा आणि खा, म्हणजे पोटही भरेल. हा सल्ला बहुतेक वेळा वरून खालीच येतो, हे लक्षात ठेवा.

बरं, ही किळस काही जन्मजात नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथात टोळाच्या काही जाती खायला चालतात, इस्लाममध्येही टोळ हलाल आहे. ॲरिस्टॉटलने तर रातकिड्यासारख्या कर्कश ओरडणाऱ्या सिकाडाची अळी शेवटची कात टाकण्याआधी सर्वांत चविष्ट लागते, असं लिहून ठेवलंय. आणि आपण? कोळंबी, कुर्ली, जवळा मिटक्या मारत खातो. शास्त्राच्या हिशोबाने कोळंबी आणि टोळ एकाच संधिपाद कुळातले. पाण्यातला चालतो, गवतातला नाही. (शाकाहारी मंडळींनी हसू नये. गोळ्यांवर आणि चॉकलेटवर चमक आणणारं शेलॅक लाखेच्या किड्यापासून येतं, आणि ‘ई 120’ हा लाल रंग कोचिनियल किड्याचा.)

आता आपल्या घरात येऊ. ओडिशाच्या मयूरभंजमध्ये तांबड्या मुंग्यांची चटणी करतात, तिला ‘काई’ म्हणतात. बस्तरमध्ये तीच ‘चापडा’. आपल्या गडचिरोलीत भामरागडकडचे माडियाही ती खातात. या मुंग्या झाडाची हिरवी पानं रेशमासारख्या धाग्याने शिवून घरटं करतात. धागा त्यांच्या अळ्यांचा. घरटं तोडून पाण्याच्या भांड्यात टाकायचं, मुंग्या आणि अंडी वेगळी करायची, मग मीठ, मिरची, आलं, लसूण घालून वाटायची. आंबटपणा येतो तो फॉर्मिक आम्लाचा. आंब्याच्या झाडावर चढताना जिचा चावा खाल्ला असेल, ती हीच मुंगी.

इतकी वर्षं या चटणीवरून ‘मुंग्या खाणारे’ म्हणून चेष्टा झाली. मग गॉर्डन रॅमसे नावाच्या ब्रिटिश शेफने बस्तरमध्ये चापडा खाऊन टीव्हीवर दाखवला, आणि बघता बघता ती ‘एक्झॉटिक’ झाली. जानेवारी 2024 मध्ये मयूरभंजच्या काई चटणीला जीआय मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण खाणाऱ्यांच्या शब्दाला किंमत यायला आधी परदेशी जीभ लागली, हे मला खटकतं.

तिकडे 2013 मध्ये एफएओचा मोठा अहवाल आला. एक किलो किड्यांसाठी साधारण दोन किलो खाद्य लागतं, एक किलो गोमांसासाठी आठ, असा त्याचा युक्तिवाद. दोन अब्ज लोक किडे खातात, असंही त्यात होतं. त्या आकड्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या, म्हणून तो जपून वापरा. थायलंडमध्ये मात्र शेतकऱ्यांनी 1998 पासून घरामागे रातकिडे पाळून खरंच पैसा केला, कारण तिथे खाणारे आधीपासून होते. युरोपने 2021 मध्ये पिवळ्या मीलवर्मला परवानगी दिली, 2023 मध्ये रातकिड्याच्या पिठाला. लगेच इटलीच्या सरकारने वेगळं लेबल, दुकानात वेगळी मांडणी, असे नियम आणले. फ्रान्सची इन्सेक्ट नावाची कंपनी कोट्यवधी युरो उभे करूनही दिवाळखोरीत गेली. पैसा होता, यंत्रं होती, जेवणारा नव्हता.

मे 2020 आठवतोय? अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळ आले तेव्हा आपण थाळ्या बडवल्या आणि फवारण्या केल्या. त्याच वर्षी पाकिस्तानच्या ओकाडा जिल्ह्यात शेतकऱ्यांकडून रात्री पकडलेले टोळ किलोला वीस रुपयांनी घेऊन कोंबडीखाद्यासाठी वापरून पाहिले. त्यासाठी फवारणी न झालेला भाग निवडला होता. विष मारलेला टोळ कोंबडीलाही घालू नये, माणसाचं तर सोडाच.

कोणी मुंग्या खाव्यात असा माझा आग्रह नाही. मीही अजून खाल्लेल्या नाहीत. पण भामरागड, एटापल्लीकडचं कोणी वाचत असेल, तर तुमच्याकडे चटणीत काय काय घालतात आणि तिला तुमच्या भाषेत काय म्हणतात, ते खाली जरूर लिहा.